माल अंगावर, दर अडत्याचा: एका क्लाउड दलालीचं प्रकरण

३ जून २०२४, सोमवार. दुसऱ्या दिवशी लोकसभेचे निकाल होते, त्यामुळे ऑफिसात सगळ्यांच्या तोंडी तेच. मी महिन्याच्या पहिल्या सोमवारी करते तसं चहाचा ग्लास शेजारी ठेवून युटिलायझेशनचा, म्हणजे धरून ठेवलेल्या मशीनपैकी किती टक्के वापरात आहेत याचा, रिपोर्ट उघडला. मार्च आणि एप्रिलभर शंभराला चिकटून चाललेली रेघ ७१ वर येऊन बसली होती. रविवारचा आकडा असेल म्हणून शुक्रवार पाहिला: ७३. त्याआधीचा गुरुवार: ७४. म्हणजे ही सुट्टीची घसरण नव्हती. वर्षभरासाठी लिहून दिलेल्या शंभर मशीनपैकी जवळजवळ तीस रिकामी चालली होती, आणि त्यांचं भाडं दर तासाला आमच्या नावावर चढत होतं.

पुढच्या दोन आठवड्यांत भागीदार आणि मी मिळून जो हिशेब मांडला, तोच इथे लिहिते आहे. क्लाउडची, म्हणजे मोठ्या कंपनीच्या डेटा सेंटरमधल्या भाड्याच्या सर्व्हरची (आम्ही त्यांना मशीन म्हणतो), दलाली करणाऱ्या आमच्यासारख्या लहान कंपन्या पुण्यात, नाशकात, कोल्हापुरात बऱ्याच आहेत. यातली चूक फक्त आमचीच असेल असं मला वाटत नाही.

आम्ही सात जण. आमचे ग्राहक म्हणजे स्वतःचा सर्व्हर सांभाळायला माणूस नसलेल्या छोट्या कंपन्या. आम्ही त्यांना ॲमेझॉन वेब सर्व्हिसेसच्या, म्हणजे एडब्ल्यूएसच्या, मुंबई रीजनमध्ये मशीन उभी करून देतो, बॅकअप बघतो, रात्री काही बंद पडलं तर फोन उचलतो आणि महिन्याच्या शेवटी रुपयांत एकच बिल देतो. कमाई दोन ठिकाणांहून येते. एक सपोर्टची फी. दुसरी, खरेदीच्या आणि विक्रीच्या दरांतला फरक. हे प्रकरण दुसऱ्या कमाईचं आहे.

हा फरक कुठून येतो ते आधी सांगते. एडब्ल्यूएसचं मशीन हवं तेव्हा सुरू करा, हवं तेव्हा बंद करा, वापराल तेवढ्याचे पैसे द्या, याला ऑन-डिमांड म्हणतात. तेच मशीन एक किंवा तीन वर्षं वापरणारच असं वचन दिलं की दर खाली येतो. ही रिझर्व्ह्ड इन्स्टन्सची सोय २००९ पासून आहे. आम्ही सगळे तिला नुसतं आरआय म्हणतो. सवलत ७२ टक्क्यांपर्यंत जाऊ शकते, पण हा आकडा कमाल सवलतीचा आहे. एक वर्षाचं वचन आणि आगाऊ एक पैसाही नाही, अशा बोलीवर आमच्या मशीनना साधारण ३७ टक्के सूट पडत होती. वचन मात्र पक्कं. वर्षाचे ८,७६० तास मशीन चालो वा बंद पडून राहो, पैसे लागणारच.

आता दलालीची गंमत बघा. आरआय हे एखाद्या विशिष्ट मशीनला बांधलेलं नसतं. बिल करताना ते त्या प्रकारच्या कुठल्याही चालू मशीनला लागू होतं, आणि एका मुख्य खात्याखाली अनेक ग्राहकांची खाती जोडलेली असली तर एकाचं न वापरलेलं आरआय आपोआप दुसऱ्याच्या मशीनला जाऊन चिकटतं. लहान ग्राहक एकटा असेल तर त्याला वर्षभराच्या वचनाची भीती वाटते. दहा जणांची मागणी एकत्र केली की एकाची ओहोटी दुसऱ्याच्या भरतीत भरून निघते आणि दलाल निर्धास्तपणे वचन देऊ शकतो. एका सामायिक पिंपात सगळ्यांचं पाणी, असंच आमचं चाललं होतं.

मार्चमधली खरेदी

२०२४ च्या फेब्रुवारीत आमच्याकडे त्या प्रकारची मशीन वापरणारे सहा ग्राहक होते. एक हॉस्पिटलांना सॉफ्टवेअर देणारा, एक चाकणच्या मालवाहतुकीचा हिशेब ठेवणारा, एक साड्यांचं ऑनलाइन दुकान, आणि तीन प्रवेशपरीक्षांच्या सराव चाचण्या घेणारे. मी सहाही जणांना मेल टाकली, पुढच्या वर्षी किती मशीन धरू? उत्तरांची बेरीज ११८ झाली. आम्ही तीन महिन्यांचा वापर काढला, त्यात शंभरच्या आसपास सरासरी दिसली, आणि शंभरवर थांबलो. ११८ वरून शंभरवर आलो, म्हणजे आपण सावध आहोत, असं त्या दिवशी आम्हाला मनापासून वाटलं.

त्या मेलमध्येच पहिली चूक होती. किती धरू, असं फुकटात विचारलं तर माणूस जास्तच सांगतो. त्याला त्यात काही गमवायचं नसतं, उलट गरज पडली तर कमी पडायला नको. एका ग्राहकाच्या खरेदी बघणाऱ्या साहेबांचं उत्तर माझ्या अजून लक्षात आहे: "मॅडम, साठ धरून ठेवा, लागतीलच." त्यांचा तोपर्यंतचा सर्वांत मोठा वापर एकेचाळीस होता.

दुसरी चूक जास्त खोल होती. सहा ग्राहक म्हणजे सहा वेगळ्या मागण्या, असं आम्ही धरलं. पण त्यातले तिघे एकाच हंगामावर जगणारे. जेईई मेन जानेवारी आणि एप्रिलमध्ये, नीट २०२४ मध्ये ५ मे रोजी, एमएचटी-सीईटी एप्रिल आणि मेमध्ये. डिसेंबरपासून तिघांचीही मशीन एकदम वाढतात आणि मेच्या मध्यानंतर एकदम उतरतात. एकाच पाटाच्या पाण्यावर तीन शेतं घेतली तर पाट आटल्यावर तिन्ही सुकणार. आणि सरासरी काढायला आम्ही निवडलेले तीन महिने कुठले? डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी. ऐन हंगाम.

१ मार्चला शंभर आरआय घेतले.

रेघ खाली का आली

परीक्षा संपल्या, सराव चाचण्या थांबल्या, आणि अठरा मशीन गेली. ही घसरण आम्ही निदान ओळखायला हवी होती. उरलेली बारा ज्या कारणाने गेली ते आमच्या कुठल्याच वहीत नव्हतं. सर्वांत मोठ्या ग्राहकाच्या तांत्रिक चमूने मेच्या शेवटच्या आठवड्यात आपली कायमची मशीन ग्रॅव्हिटॉनवर नेली. ग्रॅव्हिटॉन हे एडब्ल्यूएसने स्वतः तयार केलेले, आर्म रचनेवरचे प्रोसेसर. बऱ्याच कामांना ते इंटेलपेक्षा स्वस्त पडतात. त्यांनी शहाणपणाचंच काम केलं, आणि आम्हाला कळवायला ते बांधील नव्हते. पण आमचे आरआय इंटेलच्या ज्या कुळातल्या मशीनचे होते, ते ग्रॅव्हिटॉनच्या कुळाला लागू होत नाहीत. ग्राहक आमच्याकडेच होता, त्याची मशीन आमच्याच खात्याखाली चालू होती, तरी आमची सवलत त्याला चिकटत नव्हती. म्हणजे एकीकडे बारा आरआय रिकामे, आणि दुसरीकडे त्याच ग्राहकाची नवी मशीन पूर्ण ऑन-डिमांड दराने.

मग बाहेर पडायची दारं शोधली. आरआय दुसऱ्याला विकायचा बाजार एडब्ल्यूएसने २०१२ पासून ठेवला आहे. पण तिथे विकणाऱ्याचं अमेरिकेत बँक खाते लागतं, आणि एडब्ल्यूएसच्या भारतीय कंपनीकडून बिल घेणाऱ्या खात्यांना तर असं खातं असलं तरी विकायची परवानगी नाही. हे दार आमच्यासाठी पहिल्या दिवसापासून बंद होतं आणि आम्ही ते खरेदीच्या दिवशी ठोठावून पाहिलंही नव्हतं. दुसरं दार बदलून घेण्याचं. कन्व्हर्टिबल प्रकारचे आरआय एका कुळातून दुसऱ्या कुळात बदलता येतात, फक्त त्यांची सवलत थोडी कमी असते. आम्ही चार पैसे जास्त सुटतात म्हणून स्टँडर्ड, म्हणजे दुसऱ्या कुळात न बदलता येणारे, घेतले होते. तिसरा मार्ग सेव्हिंग्ज प्लॅनचा, २०१९ च्या अखेरीला आलेला. त्यात मशीनऐवजी दर तासाला अमुक डॉलरचा वापर करू असं वचन असतं, आणि कॉम्प्युट प्रकारचा प्लॅन कुळ बदललं तरी लागू राहतो. तिथली कमाल सवलत ६६ टक्के. ७२ आणि ६६ मधला हा फरक म्हणजे खरं तर विम्याचा हप्ता आहे. तो हप्ता वाचवून आम्ही खूश होतो.

घेण्याआधी बाहेर पडायच्या दाराची किंमत विचारा, हे मी आता प्रत्येक ठिकाणी करते. मायक्रोसॉफ्ट ॲझ्युअरवर, उदाहरणार्थ, आरक्षण परत करून बारा महिन्यांत ५०,००० डॉलरपर्यंत परतावा घेता येतो. दोन ठिकाणी दर सारखा दिसला तरी हे दार जमेला धरलं की तो सारखा राहत नाही.

बाबांची वही

त्या आठवड्यात मला सारखे बाबा आठवत होते. ते गुलटेकडीच्या मार्केट यार्डात कांद्याच्या गाळ्यावर दिवाणजी होते. त्यांच्या वहीत दोन प्रकारचे व्यवहार वेगळ्या पानांवर असत. शेतकऱ्याचा माल गाळ्यावर लागला, लिलाव झाला, त्यावर अडत घेतली: हे एक पान. त्या पानावर भाव पडो वा चढो, अडत्याचा टक्का ठरलेला. पण कधी शेठ भाव वाढणार अशा अंदाजाने शंभर पोती स्वतःच घेऊन ठेवत. ते दुसऱ्या पानावर, आणि त्याच्या वर बाबा लिहीत, "अंगावर". अंगावर घेतलेल्या मालाला अडतीचा टक्का लावून चालत नाही, असं ते सांगायचे. त्यात कुजणं आहे, गळणं आहे, भाव पडणं आहे, पावसात भिजणं आहे. ते सगळं निघेल एवढा फरक ठेवूनच तो माल घ्यायचा, नाहीतर घ्यायचा नाही.

आम्ही स्वतःला क्लाउडचे दलाल म्हणवत होतो. १ मार्चला शंभर पोती अंगावर घेतली आणि ग्राहकाला दर मात्र अडत्याचा लावला. आमच्याकडे दोन पानं नव्हतीच, सगळं एकाच स्प्रेडशीटमध्ये.

हिशेब

समजायला सोपं जावं म्हणून दर गोल करते, पण प्रमाण तेच ठेवते. ऑन-डिमांड मशीन तासाला १० रुपये. आरआय असलं तर आम्हाला ६ रुपये ३० पैसे. ग्राहकाला आम्ही बाजारदरावर सरसकट १५ टक्के सूट देत होतो, म्हणजे विक्री ८ रुपये ५० पैशांना. महिन्याचे ७३० तास.

आरआय आहे आणि वापरलं गेलं: तासाला २ रुपये २० पैसे नफा. आरआय नाही आणि ग्राहकाने मशीन वापरलं: १० ला घेऊन साडेआठला विकलं, दीड रुपया तोटा. आरआय आहे आणि कुणीच वापरलं नाही: ६ रुपये ३० पैसे पाण्यात.

शंभर आरआय, शंभर मशीन चालू: महिन्याला १,६०,६०० रुपये नफा. हा आकडा बघूनच आम्ही खरेदी केली होती. शंभर आरआय, सत्तर मशीन चालू: वसुली ४,३४,३५०, देणं ४,५९,९००, म्हणजे २५,५५० रुपये तोटा. तीस टक्के मागणी घटली आणि नफा तीस टक्क्यांनी घटला नाही, तो शून्याच्या खाली गेला.

इथे एक गोष्ट माझ्या फार उशिरा लक्षात आली. ३७ टक्के सूट म्हणजे ६३ टक्के वापर झाला की आरआय फिटलं, हे आम्हाला तोंडपाठ होतं. ते जो स्वतःसाठी घेतो त्याच्यापुरतं खरं आहे. आम्ही १५ टक्के ग्राहकाला देऊन बसलो होतो, त्यामुळे आमचं बरोबरीचं टोक ६.३० भागिले ८.५०, म्हणजे ७४ टक्क्यांवर सरकलं होतं. ग्राहकाला जेवढी जास्त सूट द्यावी तेवढं हे टोक वर जातं. ग्राहक खूश ठेवायला दिलेला प्रत्येक रुपया आमच्या रिकाम्या मशीनची भीती वाढवत होता, आणि ही दोन खाती आम्ही कधी शेजारी मांडली नव्हती.

वर्ष पूर्ण झाल्यावर, २०२५ च्या फेब्रुवारीअखेर, ताळा केला. मार्च ते मे शंभर मशीन (मेचा दुसरा पंधरवडाही पूर्ण धरला, म्हणजे आमच्याच बाजूने), जून ते नोव्हेंबर सत्तर, डिसेंबर ते फेब्रुवारी पंच्याऐंशी. एकूण नफा ५,३१,०७५ रुपये. अपेक्षा होती १९,२७,२०० ची. तोटा झाला नाही, हे खरं. पण रात्रपाळीच्या दोन मुलांचे पगार या फरकातून निघतील असं धरलं होतं, ते सपोर्टच्या फीतून काढावे लागले, आणि त्या वर्षी आम्हा दोघांना घरी न्यायला फार थोडं उरलं.

मग भागीदाराने फळ्यावर दुसरा रकाना काढला. आपण शंभरच्या जागी सत्तरच घेतले असते तर? तेच ग्राहक, तीच मागणी, तोच १५ टक्के सूट दिलेला दर. उत्तर आलं १२,०१,२१५ रुपये. तो बराच वेळ फळ्याकडे बघत उभा राहिला. "अगं, दुपटीहून जास्त," एवढंच म्हणाला.

असं का झालं ते एका वाक्यात सांगता येतं. एकेक मशीन सुटं धरून विचारायचं, हे वर्षातल्या किती तासांना लागेल? शंभरावं मशीन तीन महिने लागलं, म्हणजे २५ टक्के. ऐंशीवं सहा महिने, ५० टक्के. सत्तरावं पूर्ण वर्ष. आरआय आहे म्हणून वापराच्या तासाला ३ रुपये ७० पैसे वाचतात आणि रिकाम्या तासाला ६ रुपये ३० पैसे जातात, तेव्हा ६३ टक्क्यांपेक्षा कमी तास लागणारं मशीन अंगावर घ्यायचंच नाही. सरासरी काय म्हणते याला इथे अर्थ नाही. सरासरीने आम्हाला शंभर सांगितलं, आणि सत्तरापलीकडचं प्रत्येक मशीन आमच्या खिशातून गेलं.

सत्तरच्या रकान्यात मात्र एक विचित्र गोष्ट होती. मागणी सत्तर असताना महिन्याचा नफा १,१२,४२०, आणि मागणी शंभरला गेली की ७९,५७०. म्हणजे ग्राहकाने जास्त घेतलं की आपण कमी कमावतो! जास्तीची तीस मशीन आपण १० ला घेऊन साडेआठला विकतो म्हणून. खरेदी सुधारून भागणार नव्हतं, आमच्या करारातच खोट होती. जे मशीन लागेल असं ग्राहकाने कधी कबूलच केलं नाही, त्यावर त्याला सूट कशाच्या जोरावर द्यायची?

खरं सांगणाऱ्याला स्वस्त

ग्राहकाकडून खरा आकडा कसा काढून घ्यायचा, हा प्रश्न जुना आहे. एचपी लॅब्समधले फँग वू, ली झँग आणि बर्नार्डो ह्युबरमन यांनी त्यावर एक सुंदर युक्ती मांडली होती. ग्राहकाने आगाऊ सांगायचं, मला हे मशीन लागण्याची शक्यता इतकी. जो मोठी शक्यता सांगेल त्याला वापरल्यावरचा दर कमी, पण न वापरल्याचा भुर्दंड जास्त, आणि हा भुर्दंड सांगितलेल्या शक्यतेच्या वर्गाच्या (तिला तिनेच गुणून येणाऱ्या आकड्याच्या) प्रमाणात वाढतो. त्यांच्या सूत्रात साधे आकडे घालून बघा. ५० टक्के सांगितले तर वापरल्यावर १ रुपया १२.५ पैसे, न वापरल्यास १२.५ पैसे. ९० टक्के सांगितले तर वापरल्यावर १ रुपया अर्धा पैसा, न वापरल्यास ४०.५ पैसे. ज्याची खरी शक्यता निम्मी आहे त्याला खरं सांगितल्यास सरासरी ६२.५ पैसे पडतात. फुगवून ९० सांगितलं तर ७०.५. खोटं बोलायला कुणी मनाई केलेली नाही, फक्त ते परवडत नाही.

याच युक्तीवर ब्रिस्टल विद्यापीठाचे ओवेन रॉजर्स आणि डेव्ह क्लिफ यांनी २०१२ मध्ये क्लाउड दलालाचं अख्खं प्रारूप उभं केलं: शक्यता गोळा करायच्या, त्यावरून लांब मुदतीची आरआय घ्यायची आणि ग्राहकांना विकायची. संगणकावरच्या चाचणीत दलाल नफ्यात आणि ग्राहकही फायद्यात. दोन वर्षांनी जॉन कार्टलिज आणि फिलिप क्लॅम्प यांनी तीच चाचणी पुन्हा उभी केली, तेव्हा मूळ निकालांत एक चूक सापडली आणि नफा बराच फुगलेला निघाला. शिवाय मधल्या काळात एडब्ल्यूएसचे दर बदलल्यामुळे अशा दलालीला उरलेली जागा आणखी अरुंद झाली होती. मला यातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. दलालाचा फरक पुरवठादाराच्या दोन दरांमधल्या फटीत राहतो, आणि ती फट किती रुंद ठेवायची हे पुरवठादार ठरवतो. आम्ही त्या फटीला आपली जमीन समजत होतो.

डॉलर हे तसंच दुसरं खातं. एडब्ल्यूएसचे दर डॉलरमध्ये ठरतात, आमचे करार वर्षभरासाठी रुपयांत. २०२२ च्या सुरुवातीला डॉलर ७४ च्या आसपास होता, वर्षअखेरीस ८२ च्या पुढे. ती वाढ म्हणजे दहा टक्क्यांहून जास्त, आणि ती सगळी आमच्या फरकातून गेली होती. त्यानंतर करारात डॉलरच्या दराचं कलम आलं, आणि त्यावर एकाही ग्राहकाने वाद घातला नाही. विचारलं असतं तर आधीच मिळालं असतं. उधारीचं दुखणं मी इथे लांबवत नाही. पुरवठादाराचं बिल महिन्याला आणि ग्राहकाचे पैसे नव्वद दिवसांनी, ही कुतरओढ सगळ्यांना माहीत आहे. आमच्या सीए मॅडमनी त्यावर एकच वाक्य ऐकवलं: "नफा मोजताय तो बिलाचा, की हातात आलेल्या पैशाचा?"

पिंप फुटलं

आम्ही नवा करार लिहीत होतो तेवढ्यात, २०२५ च्या सुरुवातीला, एडब्ल्यूएसचा नवा नियम कळला. १ जून २०२५ पासून पार्टनर कंपनीने, म्हणजे आमच्यासारख्या पुढे विकणाऱ्याने, घेतलेलं आरआय किंवा सेव्हिंग्ज प्लॅन एकाच अंतिम ग्राहकासाठी वापरायचं. एक खरेदी अनेक ग्राहकांत वाटायची नाही. म्हणजे सामायिक पिंपच संपलं. त्यांच्या बाजूने बघितलं तर यात समजण्यासारखं आहे. सवलत वचनाच्या बदल्यात असते, आणि आमच्या पिंपात अंतिम ग्राहकाने कुठलंच वचन दिलेलं नसायचं.

आमच्या धंद्यातल्या अनेकांना हा घाव वाटला. मला विचाराल तर आमच्यापुरतं तरी ते पिंप आधीच गळत होतं. एका हंगामाचे तीन ग्राहक त्यात असताना सामायिकपणाचा फायदा नावालाच होता. नव्या नियमामुळे मात्र प्रत्येक ग्राहकाशी स्वतंत्र बोलणं भाग पडलं: हे तुमचं वचन, हा तुमचा दर.

ह्युबरमन मंडळींचं वर्गाचं सूत्र आमच्या ग्राहकांपुढे ठेवणं शक्य नव्हतं. आम्ही त्याचा एक पानी फॉर्म केला, तीन ओळींचा. पक्की मशीन: तासाला साडेसात रुपये, वापरा वा वापरू नका. बहुधा लागणारी: वापरल्यास ८ रुपये ८० पैसे, न वापरल्यास राखून ठेवण्याचे २ रुपये. लागली तर घेणार अशी: सरळ १० रुपये, सूट नाही. वरच्याच गोल दरांत सांगते आहे.

हे तीन दर असे बसवले आहेत की ग्राहकाने स्वतःचा फायदा पाहिला तरी आमचा तोल जात नाही. ज्याला मशीन ६२ टक्क्यांहून कमी तास लागेल त्याला तिसरी ओळ स्वस्त. ८१ टक्क्यांच्या वर लागणाऱ्याला पहिली. मधल्याला मधली. पक्क्यावर आम्हाला तासाला १ रुपया २० पैसे मिळतात, जोखीम जवळजवळ शून्य. पूर्वी २ रुपये २० पैसे दिसायचे, पण ते फक्त रेघ शंभरावर असेपर्यंत. मधल्या ओळीत खरी जोखीम आमची आहे: वापरलं तर अडीच रुपये, पडून राहिलं तर ४ रुपये ३० पैसे तोटा. ७० टक्के तास लागणाऱ्या मशीनवर सरासरी ४६ पैसे हातात राहतात, ८० टक्क्यांच्या मशीनवर १ रुपया १४ पैसे. ही ओळ आता वेगळ्या शीटवर आहे, आणि त्या शीटच्या माथ्यावर मी "अंगावर" असंच लिहिलं आहे. तिथली एकूण बांधिलकी, सगळी पडून राहिली तरी तीन महिन्यांच्या सपोर्ट फीतून भरता येईल, याच्या वर जाऊ द्यायची नाही असं आम्ही दोघांनी ठरवलं. कुळ बदलण्याची शक्यता असलेल्या ग्राहकाला आरआयऐवजी कॉम्प्युट सेव्हिंग्ज प्लॅन, भले सवलत कमी मिळो. आणि रिपोर्ट मी आता दर सोमवारी बघते.

ग्राहक कमी झाले का? एक गेला, साड्यांच्या दुकानाचा. त्याला सरसकट १५ टक्के देणारं दुसरं कुणी भेटलं. त्याचा मला राग नाही. त्याच्या जागी मी असते तर मीही गेले असते.

फॉर्म पहिल्यांदा पाठवला तो "साठ धरून ठेवा" म्हणणाऱ्या साहेबांना. त्यांनी लगेच फोन केला. "अहो मॅडम, मागच्या वर्षी तर तुम्ही नुसतं विचारलं होतं, आता ह्या तीन-तीन ओळी कशाला?" मी त्यांना त्यांचाच वर्षभराचा वापर महिन्यागणिक पाठवला आणि म्हटलं, घाई नाही, तुमच्या टेक टीमला विचारून कळवा.

दोन दिवसांनी पुन्हा त्यांचाच फोन. "मॅडम, पोरांशी बसलो. पक्कीत बावीस लिहा, बहुधामध्ये नऊ. बाकी परीक्षेच्या वेळी लागतील तशी घेऊ, दहा रुपयांनी."

एकतीस. मी आकडे परत एकदा वाचून दाखवले, त्यांनी हो म्हटलं, आणि त्याच संध्याकाळी एकट्या त्यांच्या खात्यावर तेवढीच खरेदी केली.